पासवर्ड स्क्रिप्टमध्ये नको, बाळा

वैरागच्या कॉलेजातली लॅब आता तुझ्या ताब्यात आली, फार बरं वाटलं. एका जागी बसून एसएसएचने सगळ्या मशीनवर कमांड चालवणारी स्क्रिप्ट लिहितोयस म्हणालास. जरूर लिही, पण तिच्यात पासवर्ड घालू नकोस. उद्या ती फाइल कुणी पेनड्राइव्हवर नेली, तर सगळी लॅबच त्याच्या हातात जाईल.

तुला कुणीतरी एक्सपेक्ट दाखवलंय. डॉन लिब्स यांचं १९९० सालचं हे साधन गुणी आहे. एसएसएचची चावी न चालणाऱ्या जुन्या स्विचला आजही तेच उपयोगी पडतं. पण त्याची खोड ओळखून ठेव. समोरून ‘पासवर्ड’ शब्द येण्याची ते वाट बघतं. १० सेकंदांत तो आला नाही आणि मग काय करायचं हे तू लिहिलेलं नसलं, तर ते थांबत नाही, सरळ पुढची ओळ चालवतं. समोर भलताच प्रश्न असला तरी तुझा पासवर्ड तिथं टाइप होतो, कधी कधी उघडा दिसेल असा.

त्यापेक्षा एसएसएच-कीजेनने ईडी२५५१९ प्रकारची चावी बनव. खाजगी चावी तुझ्याच मशीनवर ठेव, सार्वजनिक चावी एसएसएच-कॉपी-आयडीने बाकीच्यांवर पाठव. चावीला पासफ्रेज दे आणि ती एसएसएच-एजंटमध्ये भर, म्हणजे दर वेळी विचारणार नाही. एवढं करूनही पासवर्ड मागितला तर आधी परवानग्या तपास: डॉट-एसएसएच फोल्डरला ७००, आतल्या ऑथराइज्ड-कीज फाइलला ६००.

आता एक गोष्ट, जिच्यापायी भलेभले रात्रभर डोकं धरून बसतात. मशीनची यादी फाइलमधून व्हाइल लूपने वाचलीस, की पहिल्या मशीनवर काम होतं आणि लूप गुपचूप संपतो. चूक कुठंच दिसत नाही. होतं असं, की उरलेली यादी एसएसएच स्वतःच इनपुट म्हणून गिळून टाकतं. त्याला डॅश-एन लाव, यादी शाबूत राहील.

आपल्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून कनेक्ट-टाइमआउट ५ सेकंद ठेव आणि बॅच-मोड चालू कर, म्हणजे बंद मशीनपाशी स्क्रिप्ट ताटकळणार नाही. प्रत्येक मशीनचा एक्झिट कोड लिहून ठेव. २५५ आला तर बहुतेक जोडणीच झाली नाही. शून्य सोडून दुसरा कुठला आला तर मशीनपर्यंत पोचलास, पण कमांड फसली. दोन्हींचा इलाज वेगळा.

होस्टची चावी बदलल्याची सूचना आली तर तपासणीच बंद करून टाकू नकोस. ते मशीन नुकतं फॉरमॅट केलंय का ते आधी विचार, मगच जुनी नोंद काढ.

नवी कमांड आधी एकाच मशीनवर चालव, आउटपुट स्वतः वाच, मग बाकीच्यांवर सोड. आणि रीस्टार्ट करण्याआधी प्रत्येक मशीनवर ‘हू’ चालवून बघ. कुणा पोराचं प्रॅक्टिकल अर्ध्यावर असेल.