वैद्याचा नावलौकिक आणि साध्यासाध्यविवेक

पदवी हाती आली, नोंदणी झाली, चिकित्सालयाची जागा ठरली, की नवोदित वैद्यापुढे प्रश्न उभा राहतो तो नावाचा. अलीकडे यास ‘पर्सनल ब्रँड’ म्हणतात. शब्द नवा असला तरी विषय संहितांना अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेतील सूत्रस्थानाचा दहावा अध्याय, विशिखानुप्रवेशनीय, हा व्यवसायमार्गावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या वैद्यासाठीच आहे. अध्ययन, प्रत्यक्ष कर्माचा अभ्यास व राजाची अनुज्ञा यांचा उल्लेख प्रथम येतो. कापलेली नखे, शुभ्र वस्त्र व साधा वेष यांचा त्यानंतर. आज हा क्रम पुष्कळ ठिकाणी उलटलेला दिसतो. राजाज्ञेची जागा आता राज्य परिषदेच्या नोंदणीने घेतली आहे. फलकावर पदवीपुढे नोंदणी क्रमांक स्वच्छ अक्षरांत असावा.

स्वतःची जाहिरात करणाऱ्या वैद्याचे चित्र चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात रेखाटले आहे. रुग्णाची वार्ता लागताच तो धावत जातो, ऐकू जाईल अशा स्वरात स्वतःचे गुण सांगतो, आधीच्या वैद्याचे दोष काढतो; आणि रुग्ण अत्यवस्थ होताच दोष रुग्णाच्या माथी मारून निघून जातो. हे वर्णन वाचताना आजच्या काही चित्रफिती डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाहीत!

मग यश मिळवावे कसे? याच स्थानाच्या दहाव्या अध्यायात त्याचे मर्म आहे. असाध्य व्याधीची चिकित्सा अंगावर घेणाऱ्या वैद्याचे धन, विद्या व यश या तिहींची हानी होते, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे नावलौकिकाचा संबंध थेट साध्यासाध्यविवेकाशी आहे.

एक उदाहरण घेऊ. बालवयात उद्भवलेल्या, इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या मधुमेहाच्या रुग्णाचे पालक विचारतात, “वैद्यराज, इंजेक्शन बंद होईल ना?” ‘होईल’ म्हणणाऱ्याकडे गर्दी होते. परंतु इन्सुलिन थांबल्यास थोड्याच काळात रक्तातील आम्लता वाढून बालकाच्या प्राणांवर बेतते. येथे ‘इन्सुलिन चालूच राहील, आहार, विहार व इतर तक्रारींबाबत मी साह्य करीन’ असे सांगणे हेच वैद्याचे कर्तव्य होय. कदाचित ते पालक परत येणार नाहीत. ते सोसावे. कायद्याचेही येथे बंधन आहे. 1954च्या औषधी व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार आदी व्याधी असून, त्या बऱ्या करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीस मनाई आहे.

प्रसिद्धीच टाळावी असा याचा अर्थ नव्हे. वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘आर्यभिषक्’द्वारे आयुर्वेद मराठी घरांत नेला व 1907 साली नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना केली. त्यांचे नाव झाले ते लेखणीने आणि संघटनकार्याने. ऋतुचर्या, पथ्यापथ्य, घरातील द्रव्यांचा युक्त उपयोग यांवर स्थानिक वृत्तपत्रात लिहिण्यास आजही कोणाची आडकाठी नाही.

मात्र लेखनामागे नोंदी हव्यात. रुग्णपत्रकावर निदान, साध्यासाध्यता, योजलेले कल्प, मात्रा, अनुपान व प्रत्येक भेटीतील फरक लिहावा. उपशय न मिळालेले रुग्णही वगळू नयेत. रुग्णाचे छायाचित्र वा वृत्तांत त्याच्या लेखी संमतीवाचून कोठेही देऊ नये, आणि संमती असली तरी नाव व गाव गाळावे.