सुट्टी बँकेला असते, हप्त्याला नाही

अगं, दिवाळीआधी घरात एकदम पैसा येतो तेव्हा तुझा फोनवरचा आवाजच बदललेला असतो. भावोजींचा पगार लवकर झालेला असतो, बोनस आलेला असतो, सासूबाईंची पेन्शनही त्याच आठवड्यात जमा झालेली असते. आणि नोव्हेंबरच्या मध्यावर तूच मला विचारतेस, "ताई, एवढा पैसा आला, गेला कुठे?"

गेला कुठेच नाही. मुळात तो जास्तीचा नव्हताच. समज, भावोजींच्या सुरंगीतल्या कंपनीचा पगार एरवी ७ तारखेला होतो. दिवाळी २० ऑक्टोबरच्या सुमाराला आली, म्हणून ऑक्टोबरचा पगार १७ तारखेलाच दिला. पुढचा पगार मात्र नोव्हेंबरचा, आणि तो नेहमीसारखा ७ डिसेंबरला. मध्ये किती दिवस झाले? बोटांवर मोजून बघ, ५१. मागच्या पगारातलं जे शिल्लक होतं ते फराळात, कपड्यांत आणि नणंदेच्या ओवाळणीत गेलं. आता हा एकच पगार ५१ दिवस पुरवायचा. १५,००० धर. आपण सवयीने तीसने भागतो आणि रोजचे ५०० मनात धरून चालतो. ५१ने भाग, २९४ येतात. नोव्हेंबरातली तुझी सगळी ओढाताण त्या ५०० आणि २९४च्या मध्ये आहे. भावोजींच्या बिड्या आणि तुझी टिकल्यांची हौस उगाच बदनाम होते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत गरीब वृद्ध आणि अपंगांना सरकारी भत्ता महिन्याच्या १ तारखेला मिळतो, पण १ला रविवार किंवा सुट्टी आली की तो आदल्या कामाच्या दिवशी जमा होतो. मग एखाद्या महिन्यात दोन हप्ते दिसतात आणि पुढचा महिना कोरडा जातो. तिथल्या बायकाही कॅलेंडर घेऊन बसतच असतील.

म्हणून पैसा आला की मला रक्कम सांगण्याआधी पुढचा पैसा कधी येणार ते सांग.

आता दुसरी गोष्ट, जी कळल्यापासून मी कॅलेंडरवर लाल शाईने खुणा करते. पूर्वी सुट्टीच्या दिवशी पगारही जमा होत नसे आणि हप्ताही कापला जात नसे. १ ऑगस्ट २०२१पासून पगार जमा करणारी आणि हप्ते कापणारी बँकांची यंत्रणा रविवारी, सणावारीही चालू असते. पगार रविवारी येऊ शकतो ही चांगली गोष्ट, पण तुझ्या फ्रीजचा हप्ताही रविवारीच कापला जातो. ५ तारखेला रविवार आहे, सोमवारी भरू, हा हिशेब आता चालत नाही. खात्यात शंभर रुपये कमी पडले तरी हप्ता परत जातो, आणि मग बँक वेगळा दंड लावते, फायनान्सवाले वेगळा. म्हणून शुक्रवारीच शिल्लक बघत जा. कमी असेल तर मला सांग, मी फोनवरून टाकते. ते रात्री-बेरात्रीही जातं.

खरी अडचण माणसांच्या सुट्टीची आहे. पैसा सुट्टीतही धावतो, पण अडकला तर सोडवणारा माणूस सोमवारीच भेटतो. सासूबाईंची पेन्शन आली नाही, अंगठा लागला नाही, खातं बंद दाखवलं, तर जोडून आलेल्या तीन सुट्ट्यांत दाद कुणाकडे मागणार? दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते हे २०१५च्या सप्टेंबरपासून ठरलेलं आहे, तरी दर वेळी कुणीतरी पासबुक घेऊन कुलपासमोर उभं दिसतंच. त्यात तुम्ही सीमेवरचे! २ ऑगस्टला तुमच्याकडे मुक्तिदिनाची सुट्टी, १९५४ साली सिल्वासा मोकळं झालं म्हणून. तलासरीत आमचा तो साधा कामाचा दिवस. १ मेला आमची बँक बंद, वापीची उघडी. उत्तरायणाला वापीची बंद, आमची उघडी. तुझं एक खातं वापीला आहे, तेव्हा तिकडच्या सुट्ट्यांची यादीही भिंतीवर हवी.

आणि सरकारी पैसा कोणत्या खात्यात येतो ते बघितलंस का? आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलं, त्या खात्यात तो जातो. भावोजींनी कंपनीसाठी नवं खातं उघडताना आधार जोडलं असेल, तर त्यांच्या नावचा सरकारी पैसा तिकडे गेला असेल आणि तू जुन्या पासबुकात शोधत बसशील.

लाडकी बहीण योजनेचे मला १,५०० मिळतात आणि तुला मिळत नाहीत, याचा राग धरू नकोस गं. तुला सीमेपलीकडे दिलं, नाहीतर तुलाही मिळाले असते. पण तेही बघण्यासारखं आहे. पहिले दोन हप्ते, मिळून ३,०००, ऑगस्ट २०२४मध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर आले. पुढे दिवाळीआधी दोन एकदम, आणि २०२५मध्ये महिला दिनाच्या सुमाराला पुन्हा दोन हप्ते. सणाला हातात पडले की बरं वाटतं, नाही कशाला म्हणू? पण वाण्याची उधारी सण बघून थांबत नाही. त्या पहिल्या वेळी बँकांसमोर केवढी गर्दी होती! काही ठिकाणी थकलेल्या कर्जापोटी बँकेने ते पैसे परस्पर वळते केल्याच्या तक्रारी झाल्या. तसं करू नका, असं सरकारला बँकांना सांगावं लागलं. तेव्हापासून मी त्या पैशाला महिन्याच्या खर्चात धरतच नाही. आला की बचतगटाचा हप्ता आणि धाकटीची फी, बस्स. न ठरलेल्या तारखेच्या पैशावर रोजची भाजी टांगायची नाही, असं माझं मत आहे. माझ्या नवऱ्याला ते पटत नाही, तो भाग वेगळा.

तुमच्या सिल्वासात तर याचा मोठा धडा होऊन गेलाय. २०१६च्या मार्चपासून शहरी भागात रेशनच्या धान्याऐवजी पैसे खात्यात द्यायला सुरुवात झाली होती. चंडीगड आणि पुद्दुचेरीत ते आधीच सुरू झालं होतं. धान्य घरात आलं की ते त्याच महिन्यात शिजतं. पैशाचं तसं नाही. तो आधी काढून आणावा लागतो, मग बाजारात जावं लागतं, आणि बँक बंद असली तर चूल काही थांबत नाही. आता मोफत धान्य मिळत असेल तर ते दर महिन्याला वेळेत उचल. सणाच्या गडबडीत राहून गेलं असं नको. घरातला तांदूळ असला की तीन दिवस बँक बंद राहिली तरी घाबरायचं कारण नाही.

जोडसुट्टी येणार असेल तर सासूबाईंना आदल्या दिवशी नव्हे, त्याच्याही आधी अंगठ्यावर पैसे देणाऱ्या बँक मित्राकडे ने. त्याच्या हातातली रोकडही शाखेतूनच येते, त्यामुळे सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी तोही हात वर करतो. एटीएमचीही तीच गत. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी टपाल कार्यालय उघडं असतं, तिथेही आधारवर पैसे मिळतात का ते विचारून ठेव. सासूबाईंचा अंगठा घासून गेलाय, तर दुसरं बोट लावायला सांग आणि पावती घेतल्याशिवाय उठू नकोस. मार्चअखेर तर विशेष सांभाळ. शिमगा होऊन गेलेला असतो, खिसा रिकामा असतो, आणि १ एप्रिलला बँका गिऱ्हाइकांसाठी बंद असतात.

राहिला बोनस. तो दिवाळीलाच द्यावा असं कायद्यात कुठे नाही. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो, म्हणजे मार्चअखेर धरलं तर नोव्हेंबरपर्यंत. दिवाळीला देतात ती रीत झाली. म्हणून भावोजींना म्हणावं, कंपनीत एकदा विचारून बघा, पगार तरी नेहमीच्या तारखेला राहू देता येईल का? बोनसवर सण आरामात निघतो. नाहीच म्हणाले, तर आगाऊ पगारातले निम्मे आल्या दिवशीच माझ्याकडे पाठव, मी १० नोव्हेंबरला परत टाकते. भावोजींना सांगायचं की नाही, ते तू ठरव.