बाह्य पडद्याचा दोष : शोध आणि निदान

संगणकाला जोडलेल्या पडद्यावर चित्र उमटले नाही, की माणसाचा हात प्रथम केबलकडे जातो. केबल काढून पुन्हा बसविली जाते. मग संगणक बंद करून सुरू केला जातो. तेवढ्याने भागले नाही तर नवी केबल आणली जाते. आणि अखेरीस सगळी कार्यप्रणाली पुसून ती नव्याने बसविण्यापर्यंत मजल जाते. या खटपटीत एकच गोष्ट राहून जाते, ती म्हणजे दोष नेमका कोठे आहे याचा शोध. नाडी न पाहता औषधे बदलीत राहणाऱ्या वैद्यासारखाच हा प्रकार होय. त्यात वेळ आणि पैसा खर्च होतो आणि पुष्कळदा निर्दोष वस्तूच टाकून दिली जाते.

प्रस्तुत प्रकरणात एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावयाचे आहे. मुद्रिते तपासण्याचे काम करणाऱ्या एका गृहस्थांनी २७ इंची मॉनिटर विकत घेतला, असे समजावे. त्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० बिंदू आहेत. त्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टला मॉनिटर जोडताच चित्र उमटले. परंतु माऊसचा बाण अडखळत सरकू लागला आणि पान वर-खाली करताना अक्षरे धक्के खात जाऊ लागली. तासाभरात डोळे शिणले. मॉनिटर परत करण्याची मुदत संपण्यास थोडेच दिवस उरले होते. दोष मॉनिटरचा, लॅपटॉपचा की लिनक्सचा, याचा निर्णय त्यांना तेवढ्यात करावयाचा होता.

बिंदूंचे गणित

पडद्यावरील चित्र म्हणजे रंगीत बिंदूंची रांगोळीच होय. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. ३८४० गुणिले २१६० केले असता एका चित्रात ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल भरतात. चित्र स्थिर भासले तरी ते सेकंदाला साधारणपणे ६० वेळा नव्याने रेखाटले जाते. यालाच ६० हर्ट्झ असे म्हणतात. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी पिक्सेलांची माहिती संगणकाकडून पडद्याकडे जावी लागते. प्रत्येक पिक्सेलाचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात. दोन ओळींच्या आणि दोन चित्रांच्या मध्ये सोडावा लागणारा अवकाश कमीत कमी धरला, तरी पिक्सेलांचा वेग सुमारे ५३३ मेगाहर्ट्झ होतो आणि माहितीचा ओघ सेकंदाला सुमारे १२.८ अब्ज बिट इतका होतो. हेच चित्र सेकंदाला ३० वेळा रेखाटले, तर हे दोन्ही आकडे जवळपास निम्म्यावर येतात.

हे आकडे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व निदान त्यांवरच उभे आहे.

वाटेची रुंदी

हा ओघ ज्या वाटेने जातो, तिची रुंदी ठरलेली असते. एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती २००९ साली आली. तिची मर्यादा ३४० मेगाहर्ट्झ आहे. ५३३ चा ओघ तीत मावत नाही. मात्र ३० हर्ट्झचे चित्र सहज मावते. २०१३ साली आलेल्या २.० या आवृत्तीत ही मर्यादा ६०० मेगाहर्ट्झ झाली आणि ६० हर्ट्झचे चित्र शक्य झाले. पोर्टचा बाह्य आकार मात्र दोन्ही आवृत्त्यांत सारखाच राहिला. फसगत होते ती येथेच.

डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या पद्धतीत माहिती जास्तीत जास्त चार समांतर मार्गिकांवरून जाते. २०१० साली आलेल्या १.२ या आवृत्तीत प्रत्येक मार्गिकेवरून सेकंदाला ४.३२ अब्ज उपयुक्त बिट नेता येतात. चार मार्गिकांवरून १७.२८ अब्ज बिट जातात आणि ६० हर्ट्झला ते पुरेसे होतात. दोनच मार्गिका मिळाल्या तर ८.६४ अब्ज बिट जातात आणि ते अपुरे पडतात. या पद्धतीचा आणखी एक विशेष आहे. जोडणी होताच दोन्ही टोके मार्गिकांची चाचणी घेतात आणि केबल सदोष आढळल्यास वेग किंवा मार्गिकांची संख्या कमी करून घेतात. केबल खराब असूनही चित्र दिसते, फक्त हलक्या प्रतीचे दिसते, ते यामुळेच.

पडद्याची ओळखपत्रिका

आपल्याला कोणते चित्र दाखविता येते, हे मॉनिटर स्वतःच संगणकाला सांगतो. त्याच्या स्मृतीत एक छोटी ओळखपत्रिका कोरलेली असते. तिला ईडीआयडी असे नाव आहे. तिचा मूळ भाग १२८ बाइटांचा असतो आणि त्याला पुरवण्या जोडता येतात. निर्मात्याची खूण, पडद्याची लांबीरुंदी, पसंतीचे चित्रमान आणि स्वीकारता येणारी इतर चित्रमाने तीत नोंदलेली असतात. मूळ भागातील सर्व बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली जावी, असा नियम आहे; बेरीज चुकली, तर पत्रिका वाटेत बिघडली हे उघड होते.

लिनक्सचा गाभा ही पत्रिका वाचतो, तीतील प्रत्येक चित्रमान आपल्या पोर्टाच्या मर्यादेशी ताडून पाहतो आणि न मावणारी चित्रमाने गाळून टाकतो. उरलेली यादी वापरणाऱ्यापुढे येते. सारांश, ही यादी म्हणजे मॉनिटरची क्षमता आणि वाटेची रुंदी या दोहोंत जे समान असेल तेच होय. एखादे चित्रमान यादीत नसेल, तर ते मॉनिटरने सांगितलेच नाही की सांगूनही वाटेत गाळले गेले, हा निदानातील पहिला प्रश्न ठरतो.

पुराव्याची स्थाने

संगणकाला जे ठाऊक आहे ते लिनक्स दडवून ठेवीत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. ‘सिस’ या निर्देशिकेतील ‘क्लास’ आणि तीतील ‘डीआरएम’ येथे प्रत्येक पोर्टाची स्वतंत्र नोंद असते. तेथील ‘स्टेटस’ या फाइलीत मॉनिटर जोडलेला आहे की नाही हे लिहिलेले असते; ‘मोड्स’मध्ये चित्रमानांची यादी असते; आणि ‘ईडीआयडी’मध्ये ओळखपत्रिका जशीच्या तशी असते. ‘ईडीआयडी-डीकोड’ हे साधन तिचा वाचनीय तर्जुमा करून देते. १९८४ साली एमआयटीत जन्मलेली एक्स ही जुनी चित्रप्रणाली चालू असेल, तर ‘एक्सरँडआर’ ही आज्ञा सर्व पोर्ट आणि चित्रमाने पडद्यावर मांडते. तीत चांदणीची खूण चालू चित्रमानाला असते आणि अधिकाची खूण मॉनिटरच्या पसंतीच्या चित्रमानाला. वेलँड ही नवी प्रणाली असेल, तर चित्रमान बदलण्यास ही आज्ञा उपयोगी पडत नाही. ते काम डेस्कटॉपच्या प्रदर्शन-मांडणीतूनच करावे लागते.

या पुराव्यावरून चार प्रकारची लक्षणे वेगळी काढता येतात.

पहिले, पोर्टाची नोंदच नसणे. काही लॅपटॉपांत चित्र तयार करणाऱ्या दोन चकत्या असतात आणि बाहेरचा पोर्ट त्यांपैकी दुसरीला जोडलेला असतो. त्या चकतीचा ड्रायव्हर बसविलेला नसेल, तर कितीही केबली बदलल्या तरी फळ मिळत नाही.

दुसरे, पोर्ट दिसतो, परंतु त्यावर मॉनिटर जोडलेला नाही अशी नोंद असते. येथे मात्र केबल, तिची टोके आणि मॉनिटरवर निवडलेला प्रवेशमार्ग यांच्याकडे प्रथम पाहावे.

तिसरे, मॉनिटर जोडलेला दिसतो, पण यादी १०२४ गुणिले ७६८ च्या पुढे जात नाही. ओळखपत्रिका वाचता आली नाही, की लिनक्सचा गाभा सावधगिरीने येथवरच थांबतो. अशा वेळी ‘ईडीआयडी’ ही फाइल बहुधा रिकामी आढळते. सदोष केबल किंवा मधला जोडतुकडा हे त्याचे नेहमीचे कारण होय.

चौथे, चित्र पूर्ण आकाराचे येते, पण ६० ऐवजी ३० हर्ट्झचे. आपल्या उदाहरणातील गृहस्थांची अडचण हीच होती.

उदाहरणाचा निकाल

त्यांनी प्रथम महागडी केबल आणली. चित्र ३० हर्ट्झचेच राहिले. नंतर त्यांनी लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टला एक हब लावला आणि त्यातून मॉनिटर जोडला. तरीही ३० च. दोन वेगवेगळ्या वाटांनी गेल्यावरही परिणाम तोच आला, तेव्हा दोष मॉनिटरचाच असला पाहिजे, असा निष्कर्ष कोणीही काढला असता. तो तर्काला धरून दिसतो. तथापि तो चुकीचा होता.

मॉनिटर परत बांधण्यापूर्वी त्यांनी ओळखपत्रिका वाचून पाहिली. तीत ६० हर्ट्झचे चित्रमान स्वच्छ नोंदलेले होते. मॉनिटरने आपले म्हणणे सांगितले होते; ते वाटेत गाळले गेले होते. तसे नसते, तर मॉनिटरच्या स्वतःच्या मांडणीत शिरून पाहावे लागले असते, कारण अनेक मॉनिटरांत एचडीएमआयची किंवा डिस्प्लेपोर्टची जुनी आवृत्ती निवडलेली असते आणि ती बदलली, की पत्रिकाही बदलते.

आता दोन्ही वाटा स्वतंत्रपणे तपासणे भाग होते. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात एचडीएमआयची आवृत्ती १.४ असल्याचे आढळले. ३४० मेगाहर्ट्झच्या त्या दारातून ५३३ चा ओघ कोणत्याही केबलने जाणार नव्हता. हबची गोष्ट निराळी होती. यूएसबी-सीच्या चार मार्गिकांपैकी दोन तो वेगवान यूएसबीसाठी राखून ठेवीत होता आणि चित्रासाठी दोनच उरत होत्या. लक्षण एकच, परंतु कारणे दोन होती. यूएसबी-सीपासून थेट मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टपर्यंत जाणारी साधी केबल लावताच चारही मार्गिका मोकळ्या झाल्या आणि यादीत ६० हा आकडा उमटला. मॉनिटर, लॅपटॉप आणि लिनक्स ही तिन्ही निर्दोष ठरली.

हाताने घातलेले चित्रमान

यादीत नसलेले चित्रमान हाताने घालण्याची सोय एक्स प्रणालीत आहे. ‘सीव्हीटी’ ही आज्ञा हवे ते मान गणित करून देते आणि ‘एक्सरँडआर’ने ते यादीत घालता येते. ओळखपत्रिका बिघडलेली किंवा अपुरी असेल, तेव्हा हा उपाय योग्य होय. वाट अरुंद असेल, तर मात्र तो व्यर्थ आहे. आज्ञेने नळाचा व्यास वाढत नाही. जुन्या काचनळीच्या पडद्यांच्या काळात भलतेच मान दिल्यास पडद्याची विद्युत्-रचना बिघडण्याची भीती असे. आजचा पडदा बहुधा न मानवणारे चित्र नाकारून काळा राहतो. तरीही लॅपटॉपचा स्वतःचा पडदा चालू ठेवूनच असा प्रयोग करावा, म्हणजे परतीची वाट मोकळी राहते.

अक्षरांचा आकार

दोष दूर झाल्यावर एक तक्रार पुष्कळदा उरते. २७ इंचांत ३८४० बिंदू बसविले, की दर इंचाला सुमारे १६३ बिंदू पडतात आणि मूळ मापाची अक्षरे बारीक दिसतात. त्यावर चित्रमानच कमी करणे हा उपाय नव्हे, कारण त्यामुळे अक्षरांच्या कडा बोथट होतात. चित्रमान पूर्ण ठेवून प्रमाण वाढवावे. दुप्पट प्रमाणात प्रत्येक रेषा नेमक्या बिंदूंवर बसते. दीडपट प्रमाणात काही जुने कार्यक्रम चित्र लहान काढून मग ताणतात आणि ते धूसर होते. देवनागरी वाचणाऱ्याला हा फरक विशेष जाणवतो. अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांतील बारीक रेषा येथेच बुजतात आणि मुद्रिते तपासणाऱ्याची नजर नेमकी त्यांच्यावरच खिळलेली असते.

उपसंहार

निदानाचा क्रम असा : प्रथम नोंद वाचावी, मग ओळखपत्रिका, मग वाटेची रुंदी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते. संगणकापासून पडद्यापर्यंतच्या साखळीत जी कडी सर्वांत दुबळी, तिच्याच मापाचे चित्र डोळ्यांपुढे येते. ती कडी हुडकून काढली, की बहुतेक वेळा बदलावी लागणारी वस्तू सर्वांत स्वस्त निघते.