मूठभर पीठ

आम्ही रोज सकाळी बायबल वाचतो. एकाने बोट ठेवून सावकाश वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. अध्याय मोठा असला तर अर्धाच घ्यायचा. घाई कसली? या आठवड्यात 'पहिले राजे' या पुस्तकाचा १७ वा अध्याय आला. वाचून झाला, पण डोक्यातून जाईना. म्हणून तो तुमच्यापुढे ठेवतो.

इस्राएल देशात अहाब राजाच्या वेळी पाऊस थांबला. असे होणार, हे एलीया या संदेष्ट्याने राजाला आधीच सांगितले होते. संदेष्टा म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा. एलीया एका ओढ्याकाठी लपून राहिला. कावळे त्याला भाकर आणि मांस आणून देत. पुढे ओढाही आटला. मग देवाने त्याला सारफथ गावी धाडले. हे गाव समुद्रकाठी, आजच्या लेबनॉन देशात. म्हणजे मुलूख परका, लोकांचे दैवतही वेगळे. तेथे त्याला कोण पोसणार? तर एक गरीब विधवा!

ती वेशीपाशी काटक्या वेचीत होती. एलीयाने पाणी मागितले. ती आणायला निघाली, तोच तो म्हणाला, भाकरही आण. बाईने खरे ते सांगितले. मडक्यात मूठभर पीठ आहे, कुपीत थोडे तेल आहे. त्याची भाकर करायची, मायलेकरांनी खायची, मग मरायचे. एलीया म्हणाला, भिऊ नको. आधी मला लहानशी भाकर करून दे, मग तुम्हां दोघांना कर. पाऊस पडेपर्यंत पीठ सरणार नाही.

येथे आमच्यातली एक बाई म्हणाली, "लेकराच्या तोंडचा घास आधी परक्याला? हे काय बोलणं झालं?" तिचे म्हणणे आम्हांला रास्त वाटते. सारफथच्या बाईजवळ पुरावा काय होता? एका अनोळखी माणसाचा शब्द. तेवढ्यावर तिने भाकर केली.

आता नीट पाहा. मडके काठोकाठ भरले, असे पुस्तकात लिहिलेले नाही. पीठ सरले नाही, एवढेच लिहिले आहे. म्हणजे रोज मडक्यात हात घालायचा आणि आजच्यापुरते निघते का ते पाहायचे, असे आम्ही समजतो. आपल्याला भरलेले पोते हवे असते. पोते भरलेले असले की भरवसा ठेवायला काय जाते? इस्राएल लोक रानात असताना त्यांना मान्ना नावाचे अन्न मिळे. तेही रोजच्यापुरतेच. उरवून ठेवले की किडे पडत. फक्त शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट वेचलेले टिके. यावरून कणगी रिकामी ठेवा, असा अर्थ मात्र कोणी काढू नये हं! योसेफाने मिसर देशात सात वर्षे धान्य साठवले, तेही याच बायबलात आहे.

पंडिता रमाबाईंनी सगळे बायबल हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत आणले. त्या स्वतः विधवा. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि बायका पुण्याजवळ केडगावला आणल्या, त्यांना जेवू घातले, शिकवले. सारफथच्या बाईचे बोलणे मराठीत लिहिताना त्यांचा हात थांबला असेल का, असे आम्हांला राहून राहून वाटते.

पुष्कळ जण ही गोष्ट पिठापाशीच संपवतात. पण पुढे त्या बाईचा मुलगा आजारी पडला आणि त्याचा श्वास थांबला. ती एलीयावर संतापली. माझ्या पापाची आठवण करून द्यायला आणि माझा मुलगा मारायला आलास काय, असे तिने विचारले. एलीयाने तिला दटावले नाही. मुलाला तिच्या कुशीतून घेऊन तो वर माडीवर गेला, आणि त्याने स्वतःच देवापाशी गाऱ्हाणे केले, या विधवेवरही तू अरिष्ट आणलेस काय? मुलगा जिवंत झाला. तेव्हा ती म्हणाली, तू देवाचा माणूस आहेस हे आता मला कळले.

'आता' हा शब्द पुन्हा वाचा. म्हणजे इतके दिवस खात्री नसतानाच ती भाकरी करीत होती!

ज्यांचे लेकरू उठले नाही, त्यांनी हा अध्याय कसा वाचावा? अशी एक आई आमच्यात बसते. तिला उत्तर द्यायला आम्ही धजलो नाही. तीच म्हणाली, "त्या बाईचा राग पुस्तकातून कुणी खोडला नाही, हे बरं झालं."

पाऊस १८ व्या अध्यायात येतो. तो आम्ही उद्या वाचणार आहोत.