आधी वही काढ, मग तिकीट

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, आम्ही युरेलचा पास घेऊन टाकतोय, एकदा पैसे भरले की डोक्याला ताप नाही." तेव्हा मी नुसतं 'हं' केलं. हे शेजारीच पेपर वाचत बसले होते, आणि या विषयावर आमच्या घरात अजून पुरता तह झालेला नाही. आता ते फिरायला बाहेर पडलेत. तासभर तरी येत नाहीत. तेव्हा तुझा चहा घेऊन बस आणि नीट ऐक.

तुझ्या त्या वाक्यातलं 'घेऊन टाकतोय' मला खटकलं. मीही अगदी असाच घेऊन टाकला होता.

आपली गंमत कशी आहे बघ. पास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लोकलचा पास येतो. मी पंधरा वर्षं ठाण्याहून व्हीटीला गेले. पास पर्समध्ये असला की आठ-सतराची काय नि आठ-बत्तीसची काय, चढायचं. गर्दी असेल, पण 'तुमच्यासाठी जागा नाही' असं कुणी म्हणत नाही. युरोपचा पास तसाच असणार असं मी धरून चालले. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, हॉलंडमध्ये तो बराचसा तसा आहेही. पण फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत आणि लंडनच्या युरोस्टारमध्ये पास म्हणजे फक्त प्रवासभाडं. बसायच्या जागेचं आरक्षण वेगळं, त्याचे पैसे वेगळे, आणि ते सक्तीचं. त्यातही फ्रान्सच्या टीजीव्हीत आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांसाठी ठरावीक जागा असतात. आपल्याकडे कोटा असतो ना, तसंच. तो संपला की गाडी निम्मी रिकामी जाईना का, तुला पासावर जागा नाही. आणि तिथे वेटिंग नाही, आरएसी नाही, टीसीला गाठून काही जमवणं तर नाहीच.

आमचं काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. मे महिना, आम्ही दोघं आणि चिरंजीव, तिघांच्या हातात मोठमोठ्या बॅगा. एका मोठ्या शहरातल्या स्टेशनवर खिडकीपलीकडच्या बाईने फार गोड आवाजात सांगितलं, गाडीत जागा आहेत, पण पासवाल्यांच्या संपल्या. रात्रीचं हॉटेल पुढच्या गावात, पैसे भरलेले. मग त्या दिवशीच्या भावाने तिघांची नवी तिकिटं काढली. खिशात पास असताना! हे काही बोलले नाहीत. पुढचे चार तासही काही बोलले नाहीत. खिडकीतून मोहरीची पिवळीधम्मक शेतं जात होती आणि मी ती एकटीच बघत होते.

आता न सांगितलेलं अर्धं सांगते, पण तुझ्यापाशीच ठेव. पास घेतल्यावर मला मेल आला होता. त्यात आरक्षणाचं सगळं स्पष्ट लिहिलं होतं. मी तो उघडलाच नव्हता. ह्यांना अजून वाटतं की आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही.

असो. तुझी वही काढ. मोबाइलमध्ये नको, कागदावरच लिही. जायचे चौदा दिवस एकाखाली एक मांड आणि लांबचा रेल्वेप्रवास ज्या दिवशी आहे त्याच दिवसावर खूण कर. तू सांगितलंस त्यावरून मी इथे मांडून पाहिलं. पॅरिसहून इंटरलाकेन, इंटरलाकेनहून मिलानमार्गे व्हेनिस, व्हेनिसहून फ्लोरेन्स, फ्लोरेन्सहून रोम. मोठे दिवस चारच. बाकी स्वित्झर्लंडमधलं फिरणं आणि पिसाची एक चक्कर. म्हणजे तुम्ही बघताय तो सात दिवसांचा पास भरण्यासाठी बारीकसारीक दिवसही त्यात कोंबायचे, होय ना? पासाचा खरा मोह हाच असतो. घेतलाय म्हणून वापरायचा.

महिन्याभरात कुठलेही सात दिवस वापरायचा, दुसऱ्या वर्गाचा ग्लोबल पास अलीकडे 380 युरोंच्या आसपास पडतो. तेहतीस देशांत चालतो हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं, पण तुम्ही जाणार तीन देशांत. सातने भाग. दिवसाला 54 युरो. साठीपुढच्यांना दहा टक्के सवलत आहे, म्हणजे तुझ्या सासू-सासऱ्यांना 49च्या घरात. इटलीतल्या फ्रेच्यारोसा या वेगवान सरकारी गाडीचं आरक्षण माणशी 13 युरो. म्हणजे व्हेनिस ते फ्लोरेन्स या सव्वादोन तासांच्या प्रवासाला तुला पासावर 67 युरो पडले. हेच तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तर पुष्कळदा वीस ते तीस युरोत मिळतं. 2012 पासून त्या मार्गावर इतालो नावाची खासगी गाडी सरकारी गाडीशी स्पर्धा करते, त्यामुळे भाव उतरलेले असतात. आणि ही इतालो युरेलच्या पासावर चालतच नाही! पिसाचं तर विचारूच नकोस. फ्लोरेन्सहून साधी लोकलसारखी गाडी जाते, तासभर लागतो, तिकीट दहा युरोंच्या आसपास, आणि आज काढलं काय नि तीन महिने आधी काढलं काय, भाव तोच. त्यावर पासाचा 54 युरोंचा दिवस खर्च करायचा म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाचशेची नोट मोडायची आणि सुटे परत घ्यायचे नाहीत. (तिथे कागदी तिकीट घेतलंस तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घे, नाहीतर दंड. आणि व्हेनिसचं तिकीट सांता लुचियाचं काढ. मेस्त्रे हे खाडीअलीकडचं स्टेशन आहे.)

लेकीचा पास फुकट आहे हे तू वाचलंयस, ते खरं आहे. चार ते अकरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या पासाबरोबर फुकट पास मिळतो. पण सक्तीचं आरक्षण असेल तिथे तिच्या जागेचे पैसे मोजावेच लागतात. तेव्हा प्रत्येक गाडीला चार नव्हे, पाच आरक्षणं धर.

स्वित्झर्लंडचा हिशोब या सगळ्यापासून वेगळ्या पानावर कर. तिथे युरेल डोक्यातून काढून टाक. त्यांचा स्वतःचा स्विस ट्रॅव्हल पास आहे. त्यात आगगाडी, बस, तळ्यातल्या बोटी, शहरातल्या ट्रॅम, पाचशेच्या वर संग्रहालयं, असं सगळं बसतं. रिगीचा डोंगरही त्यात येतो. युरेलवर शहरातली ट्रॅमसुद्धा नाही. 2024 साली तीन दिवसांचा स्विस पास 244 फ्रँकांना होता, चार दिवसांचा 295ला. सहा ते पंधरा वर्षांची मुलं आईबापांबरोबर फुकट, फक्त त्यांचं फॅमिली कार्ड मागून घ्यायचं.

पण खरी मेख पुढेच आहे. तुझ्या सासऱ्यांना युंगफ्राउयोखला जायचंय, 3454 मीटरवर, बर्फात उभं राहून फोटो काढायचाय. त्या तिकिटावर इंटरलाकेनहून दोनशे फ्रँकांच्या वर जातात. स्विस ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच पूर्ण चालतो, वरच्या टप्प्यावर 25 टक्के सूट. त्याऐवजी महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड घेतलंस तर वरपर्यंत अर्धं तिकीट, आणि देशभर बाकी गाड्यांनाही अर्धं. तुम्ही इंटरलाकेनलाच मुक्काम ठोकून एखादं मोठं शिखर आणि एक-दोन चकरा करणार असाल, तर मला हाफ फेअर कार्डच शहाणपणाचं वाटतं. रोज सकाळी नवं गाव, दुपारी बोट, संध्याकाळी दुसरं गाव असली हौस असेल तर ट्रॅव्हल पास. सासूबाईंचे गुडघे लक्षात घेता तुमच्याकडून ती हौस होईल असं मला वाटत नाही. रागावू नकोस.

आता तू म्हणशील, तिकिटं आधी काढली की स्वस्त, हे कळलं. पण व्हिसा कुठे हातात आहे? बरोबर विचारलंस, आपली गोची नेमकी तिथेच होते. तिकडच्यांना जायचं ठरलं की तिकीट काढता येतं. आपल्याला पासपोर्ट परत येईपर्यंत देवाला हात जोडावे लागतात. स्वस्तातली तिकिटं त्या गाडीशी आणि त्या तारखेशी बांधलेली, बहुतेकदा रद्द केली तर पैसे गेले. पासाचं मात्र तसं नाही. त्याचा भाव तारीख जवळ आली म्हणून चढत नाही. साधा पास चालू केला नसेल तर पंधरा टक्के कापून पैसेही परत मिळतात. हे त्याच्या बाजूचं माप मी प्रामाणिकपणे तुझ्या पदरात घालते.

पण त्यावर उपाय आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेमध्ये जायचं तर मार्च उजाडायची वाट बघत बसू नकोस, जानेवारीतच तारीख घे. मोठ्यांना माणशी 90 युरो फी आहे, ती तर लवकर भरा नाहीतर उशिरा, तेवढीच. फेब्रुवारीत पासपोर्ट हातात आले तर मेच्या गाड्यांची तिकिटं तेव्हा अजून स्वस्त असतात. टीजीव्हीचं आरक्षण साधारण तीन-चार महिने आधी खुलं होतं, ते पहिलं कर. पॅरिस ते बाझेल तीन तास, तिथे गाडी बदलून इंटरलाकेनला आणखी दोन. मधे बदलायला वीस मिनिटं असली तरी तू एक गाडी सोडून पुढची धर. पाच माणसं, सहा बॅगा, एक लिफ्ट आणि तिच्यासमोर रांग, हे गणित कुठल्याच वेळापत्रकात नसतं.

आणि तुला मनातलं सांगू? पैशांपेक्षाही मी सासू-सासऱ्यांसाठी म्हणून तिकिटं सुचवते आहे. पास आता मोबाइलवर असतो. दर प्रवास गाडीत चढण्याआधी त्यात नोंदवायचा, तपासनीस आला की क्यूआर दाखवायचा, नोंद नसेल तर दंड. सगळ्यांचे पास एकाच फोनवर ठेवता येतात, म्हणजे ते काम तुझंच होणार. जावईबुवा फोटो काढत असणार, आणि तू बोगद्यात रेंज शोधत पाच पासांची नोंद करत असणार. त्यापेक्षा पाच जागा, शेजारी-शेजारी, डब्याचा नंबर कागदावर लिहिलेला. म्हाताऱ्या माणसांना आपली जागा कुठे आहे हे आधी कळलं की अर्धा प्रवास सुखाचा होतो.

मग पास घेतं तरी कोण शहाणं, असं विचारशील. घेतात गं. आपल्या मावशीच्या नातवाचंच बघ, म्युनिकला शिकतोय. सत्तावीस वर्षांपर्यंतच्या पोरांना तरुणांच्या दराचा पास मिळतो. तो तिथला रहिवासी म्हणून त्याला युरेल नाही, इंटररेल लागू. 1972 पासून तिकडची पोरं हाच पास घेऊन हुंदडतायत. स्वतःच्या देशात मात्र त्यावर जायचा एक आणि यायचा एक, एवढाच प्रवास मिळतो. सकाळी उठून पाऊस दिसला की हा व्हिएन्नाऐवजी प्रागला जाणार, पाठीवर एक सॅक. अशाला पास शोभतो. तिकडच्या बऱ्याच गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही, आणि गाडी चुकली तर पुढची. चुकतेही बरं का. जर्मन वक्तशीरपणाचं आपण लहानपणापासून इतकं ऐकलंय, पण 2024 साली त्यांच्या लांब पल्ल्याच्या शंभरातल्या जेमतेम 62 गाड्या वेळेवर होत्या. आपली मध्य रेल्वे आठवून मला उगाचच बरं वाटलं.

एक गोष्ट कुणाला बोलले नाहीये. पुढच्या वर्षी मला मैत्रिणीबरोबर जायचंय. दोघीच. तेव्हा मी पासच घेणार आहे, तोही इटली-फ्रान्सच्या वेगवान गाड्या वगळून. स्वित्झर्लंडमधल्या कूरहून तिरानोला बर्निना एक्स्प्रेस जाते, तिच्या काचेच्या डब्यांचं आरक्षण सक्तीचं आहे. पण त्याच रुळांवरून साध्या लाल गाड्याही जातात, त्यांना आरक्षण नाही, आणि त्यांतल्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. वाटेत आवडेल त्या स्टेशनवर उतरायचं, मागच्या गाडीने पुढे जायचं. हे ह्यांना अजून सांगितलेलं नाही. पास हा शब्द काढला की आधी त्या चार तासांची आठवण निघेल.

शनिवारी वही घेऊन ये, सगळ्यांचे पासपोर्टही आण. तिकिटावर नाव पासपोर्टावरचंच लागतं, आणि सासूबाईंचं माहेरचं नाव कशावर आहे नि सासरचं कशावर, ते एकदा डोळ्यांनी बघू. थालीपीठं लावते.

जिन्यात चपला वाजल्या बघ, हे आले. त्या मेलचं काही बोलू नकोस हं.