करूं कीं न करूं?

वर्गांत शिक्षक प्रश्न विचारतात. उत्तर दहा मुलांना ठाऊक असतें, परंतु हात वर होतो तो एकाचाच. बाकीच्या नऊ जणांना 'चुकलें तर?' या एवढ्याशा प्रश्नानें धरून ठेवलेलें असतें. पुढें हींच मुलें मोठीं होऊन कचेरींत, कारखान्यांत, दवाखान्यांत अथवा शेतावर कामाला लागतात, आणि तेथेंही हा जुना सोबती त्यांची पाठ सोडीत नाहीं. हिशेबांत दिसलेली चूक वरिष्ठांच्या कानावर घालावी कीं न घालावी, नवी रीत करून पाहावी कीं जुनीच चालूं द्यावी, अशा विचारांत दिवसामागून दिवस जातात व काम जागच्या जागीं राहतें. या मनोवृत्तीचा थोडा विचार आपण या लेखांत करूं.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. सावधपणा व कचखाऊपणा हीं दिसावयास जुळीं भावंडें असलीं तरी त्यांचे स्वभाव अगदीं भिन्न आहेत. सावध मनुष्य एखादी माहिती मिळविण्यासाठीं थांबतो व ती मिळतांच चालूं लागतो. कचखाऊ मनुष्य भीति नाहींशी होण्याची वाट पाहत थांबतो. आणि स्वस्थ बसून भीति जात नसल्यामुळें तो थांबलेलाच राहतो. म्हणून आपण थांबलों असतां स्वतःस एकच प्रश्न विचारावा : मी कशासाठीं थांबलों आहें? या प्रश्नाचें नेमकें उत्तर देतां आलें, तर तें थांबणें योग्य. न आलें, तर पाऊल उचलण्याची वेळ झाली असें समजावें.

मुंबईंत घडलेली एक हकीकत या बाबतींत फार बोधप्रद आहे. १८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत गांठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, रोगी आढळूं लागले. पाहतां पाहतां सर्व शहरांत हाहाकार उडाला. लोक घरेंदारें सोडून गांवोगांव पळाले. त्या सुमारास वॉल्डेमार हाफकिन नांवाचे एक शास्त्रज्ञ हिंदुस्थानांत पटकीच्या लशीचें काम करीत होते. त्यांचा जन्म १८६० सालीं रशियन साम्राज्यांतील ओडेसा शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला होता, व पॅरिस येथील पाश्चर यांच्या संस्थेंत त्यांनीं काम केलें होतें. ऑक्टोबरमध्यें ते मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांना एक खोली व तिच्या लगतचा बोळ एवढी जागा मिळाली, आणि तेथेंच त्यांनीं प्रयोगशाळा थाटली.

त्यांना काय ठाऊक होतें, व काय ठाऊक नव्हतें? प्लेगचा जंतु यर्सिन यांनीं १८९४ सालीं हाँगकाँग येथें शोधून काढला होता, तेवढा ज्ञात होता. परंतु तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो, हें सिमाँ यांनीं कराचींत दाखविलें तें १८९८ सालीं. म्हणजे रोग कसा पसरतो हें कळण्यापूर्वींच हाफकिन यांना त्याशीं झुंजावयाचें होतें. सर्व उलगडा होईपर्यंत ते थांबते, तर त्यांना दोष कोणींही दिला नसता; मात्र तोंवर रोग थांबला नसता.

त्यांनीं हातचें काम हातीं घेतलें. मांसाच्या रसावर आपल्या घरांतलें साधें तूप तरंगत ठेवून त्याखालीं जंतूंची वाढ केली. तुपाच्या थेंबांपासून जंतूंचे पुंजके झुंबरासारखे लोंबूं लागत. मग उष्णता देऊन ते जंतु मारले व त्यांची लस तयार केली. ती सशांवर टोंचून पाहिली. टोंचलेले ससे रोगांतून वांचले. सावधपणाला जेवढें करतां येण्याजोगें होतें, तेवढें येथवर झालें होतें. यापुढील प्रश्नाला सशांकडे उत्तर नव्हतें. माणसाला ही लस बाधेल काय?

१८९७ सालच्या जानेवारीच्या १० तारखेस हाफकिन यांनीं ती लस स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. मात्राही पुढें लोकांना देत त्याहून कितीतरी मोठी घेतली. त्यांना ताप चढला, टोंचलेल्या जागीं वेदना झाल्या; परंतु ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां सुमारें निम्म्या कैद्यांनीं स्वखुशीनें लस टोंचून घेतली. न टोंचलेल्यांपैकीं बारा जणांना रोग होऊन सहा दगावले. टोंचलेल्यांपैकीं दोघांनाच झाला व ते दोघेही वांचले. ही लस पूर्ण संरक्षण देणारी नव्हती. पण तिनें मृत्यूचें भय पुष्कळ कमी केलें.

यावरून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, मोठ्या संशयाचे लहान तुकडे करावे व जो तुकडा आज तपासतां येईल तो आज तपासावा. दुसरी, जोखीम घेणें प्राप्त असेल, तर ती आधीं आपल्या अंगावर घ्यावी. दुसऱ्याच्या जिवावर दाखविलेलें धाडस हें धाडस नव्हे. तिसरी, फळ काय आलें त्याचा प्रामाणिक हिशेब ठेवावा. (औषधांची परीक्षा करण्याचे आज कडक नियम आहेत, तेव्हां विद्यार्थ्यांनीं हाफकिन यांचा निश्चय घ्यावा, प्रयोग घेऊं नये!)

असें वागल्यास यश हमखास मिळतें काय? तसें आम्ही म्हणणार नाहीं. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं एकाच बाटलींतील लस टोंचलेलीं एकोणीस माणसें धनुर्वातानें मेलीं. हाफकिन यांच्यावर ठपका येऊन त्यांना कामावरून दूर करण्यांत आलें. बाटली गांवांत उघडतांना दूषित झाली असावी, प्रयोगशाळेंत नव्हे, असें रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं उघडपणें मांडलें, व १९०७ सालीं ते दोषमुक्त झाले. मानी मनुष्याला हीं पांच वर्षें केवढीं जड गेलीं असतील! तरीही ते पुन्हां हिंदुस्थानांत कामावर आले. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेला त्यांचें नांव देण्यांत आलें, व तें आजही आहे.

पालकांसही एक विनंती करावीशी वाटते. मुलानें आपण होऊन एखादें काम अंगावर घेतलें व तें फसलें, तर त्या दिवशीं घरीं आपण काय बोलतों, याकडे लक्ष असावें. "तुला कोणी सांगितलें होतें?" या चार शब्दांनीं पुष्कळ हात कायमचे खालीं गेले आहेत. "कोठें चुकलें तें पाहूं," असें म्हटलें, तर तोच मुलगा उद्यां पुन्हां उभा राहील.

शुभवर्तमानांतील रुपयांचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. तिसऱ्या चाकरानें धन्याचा पैसा चोरला नाहीं कीं उधळला नाहीं; भ्याला म्हणून जमिनींत पुरून ठेवला, आणि जसाचा तसा परत आणून दिला. तरीही धनी त्याच्यावर रागावला. आपल्याला मिळालेली बुद्धि व हाताचें बळ हीं पुरून ठेवण्यासाठीं मिळालेलीं नाहींत. नव्या वर्षीं वर्गांत प्रश्न विचारला जाईल, तेव्हां हात वर करण्यापासून आरंभ करावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.