क्लास बदलण्याआधी

माझा भाचा नववीच्या पहिल्या चाचणीत गणितात नापास झाला, तशी क्लासच्या सरांनी त्याची रवानगी ‘कच्च्या’ मुलांच्या बॅचमध्ये केली. शाळेतूनही निरोप आला : लक्ष नाही, आळशी झालाय. पाचवीपर्यंत हाच मुलगा पाढे धडाधड म्हणायचा, हे कुणी आठवलंसुद्धा नाही.

आमचं घर ठाण्यात, बाळकुम नाक्याजवळ. अग्निशमन केंद्र जवळच, त्यामुळे सायरन नित्याचा. एका संध्याकाळी तो समीकरण सोडवत होता. सायरन वाजला आणि पेन थांबलं. बंब कापूरबावडीकडे निघून गेला, तरी हा त्याच ओळीवर. “मावशी, पुढे काय करायचं होतं गं?” तळहात घामेजलेले.

एप्रिल २०२१मध्ये त्याच्या बाबांना असाच सायरन वाजवत आलेल्या रुग्णवाहिकेने साकेतजवळच्या ग्लोबल हबमधल्या कोविड रुग्णालयात नेलं. १०२४ खाटांच्या त्या रुग्णालयातून कितीतरी लोक बरे होऊन घरी आले. बाबा आले नाहीत.

धोक्याची जाणीव जागी झाली की मेंदू आधी जीव सांभाळायला धावतो. हातचा लक्षात ठेवणं, एका पायरीवरून पुढची गाठणं मागे पडतं. त्यात रात्रीची झोप तुटते आणि वाचलेलं मुरत नाही. फेलिटी आणि अँडा या अमेरिकी डॉक्टरांचं १९९८ सालचं संशोधन सांगतं की, बालपणीच्या आघातांचा संबंध मोठेपणीच्या हृदयविकाराशीही आहे. मग चार वर्षांत पोर सावरलं असेल, असं आपण कशाच्या जोरावर धरून चालतो?

म्हणून सांगते, मार्क घसरले की आधी क्लास बदलू नका. झोप कशी आहे, कशाने दचकतो, कुठला तास टाळतो, हे पाहा. वर्गशिक्षकांना जरूर सांगा, पण मुलाला विचारून आणि तो म्हणेल तेवढंच. भाच्याच्या वर्गशिक्षिकेने त्याला अचानक उभं करून प्रश्न विचारणं बंद केलं, गणिताच्या पायऱ्या फळ्यावर तशाच ठेवल्या. एवढ्यानेही तो पुन्हा हात वर करू लागला. झालेलं सगळं त्याच्याकडून वदवून घेण्याचा हट्ट मात्र कुणी धरू नये.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. मुलाला मारहाण होत असेल किंवा त्याचा छळ होत असेल तर १०९८ हा मदतीचा नंबर लावा. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.